सोमवार-गुरुवार साडेसात, संडे स्कूलची खोली: सोळा महिन्यांचा रिव्ह्यू

नाव-पत्ता मिळणार नाही, आधीच सांगतो. हॉटेलचा रिव्ह्यू असता तर लोकेशन टाकून मोकळा झालो असतो, पण ही अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एए, दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप) मीटिंग आहे आणि तिथं कोण येतं, काय बोलतं हे बाहेर न्यायचं नाही, मी स्वतः त्याच भरवशावर आत पाय टाकला. नगर जिल्हा, तालुक्याचं गाव, जुनं मिशन कंपाउंड, चर्चच्या मागं संडे स्कूलची खोली. एवढं बास.

लिहायचं कारण म्हणजे दीड वर्षापूर्वी मी रात्री दोन-दोन वाजता मोबाईलवर हेच शोधत होतो आणि मिळायचं काय, तर एकतर 'दारू सोडवा, शंभर टक्के गॅरंटी, पेशंटच्या नकळत' असल्या पावडरींच्या जाहिराती, नाहीतर साक्षी. आमच्या लोकांत साक्ष म्हणजे मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. गुडघे टेकले, रडलो, त्या दिवसापासून थेंब नाही. ज्यांचं तसं झालं त्यांचं झालं, मी खोटं म्हणत नाही, पण मी गुडघे टेकून, रडून, उठून परत क्वार्टर आणलेला माणूस आहे, आणि हे किती वेळा झालं ते मोजायचंसुद्धा सोडून दिलं होतं. मला कुणीतरी साधं सांगायला पाहिजे होतं की तिथं ओळखीचं कोण भेटेल का, पहिल्याच दिवशी उभं राहून बोलावं लागतं का, पैसे किती, चहा देतात का. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे.

माझं थोडक्यात. मोटर रिवायंडिंगचं दुकान, वय सत्तेचाळीस, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आई महिला मंडळात, मी चर्चच्या कमिटीवर. दारू वीस वर्षं, त्यातली शेवटची सहा सकाळपासूनच. रविवारी बडीशेप चावून उपासनेला, भजनाची पेटी माझ्याकडं. पेटीवर बोटं थरथरायला लागली तेव्हा लोकांना शुगर आहे म्हणून सांगितलं, आणि लोकांनी मानलं पण, म्हणजे मानल्यासारखं केलं. बायबलमधली दारूची वचनं मला पाळक साहेबांपेक्षा जास्त पाठ होती. काना गावच्या लग्नात प्रभूनंच पाण्याचा द्राक्षारस केला, पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा घे म्हणून लिहिलं, दोन्ही घडाघडा. नीतिसूत्रांचा तेविसावा अध्याय मात्र गाळायचो, ज्यात तो शेवटी सापासारखा डसतो असं आहे.

मीटिंगला येण्याआधी मी एक दुसरी गोष्ट करून बघितली होती, तिचाही रिव्ह्यू इथंच देऊन टाकतो. तीन दिवसांचं उपवास-प्रार्थना शिबिर, गावाबाहेर शेड, नाव घेत नाही. पाचशे रुपये, सतरंजी आपली आपण आणायची. तिथल्या बंधूंनी पहिल्या दिवशी सांगितलं की दारूचा आत्मा आहे, तो बाहेर काढायचा, गोळ्या-बिळ्या काही घ्यायच्या नाहीत, गोळी घेणं म्हणजे अविश्वास. ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या रात्री अंगाला घाम, हात थांबेनात, छाती धडधड, आणि पहाटेच्या आसपास शेडच्या पत्र्यावर मुंग्यांची रांग दिसायला लागली, ती रांग माझ्याकडं येतीये असं वाटायला लागलं, मी ओरडलो. ते सगळे भोवती उभे राहून जोरजोरात प्रार्थना करायला लागले, त्यांना वाटलं आत्मा निघतोय. बायकोनं कुणालाही न विचारता रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फिट आली असती, जिवावरसुद्धा बेतलं असतं.

हे नीट वाचा, दोनदा वाचा. रोज सकाळपासून पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांच्या मधे भ्रम, ताप, नको ते दिसणं सुरू होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावतो. ते दवाखान्यात बघायचं काम आहे. मला बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं दिली, झोपेच्या जातीच्या गोळ्या रोज थोड्या थोड्या कमी करत आणल्या, पाच दिवसांत हात शांत झाले. शिबिराला एकही स्टार नाही, पण अॅप एक तरी द्यायलाच लावतं. प्रार्थनेबद्दल तक्रार नाही, प्रार्थना तर वॉर्डातही चालूच होती. गोळ्या बंद करायला लावल्या त्याबद्दल आहे.

त्याच वॉर्डात नाइट ड्यूटीच्या ब्रदरनं केसपेपरच्या मागं लिहून दिलं, सोमवार-गुरुवार साडेसात. अजून आहे तो कागद, आधार कार्डाच्या कव्हरमधे.

आता मीटिंग. हे माझं चर्च नाही, मुद्दाम शेजारच्या तालुक्यातलं धरलं, पंचवीस किलोमीटर, ओळख नको म्हणून. पहिल्या दिवशी गेटसमोरनं गाडी तीनदा नेली. चौथ्यांदा पेट्रोल कमी आहे हे लक्षात आलं आणि आत वळलो, यात विश्वास-बिश्वास काही नव्हता. खोलीत लहान मुलांचे बाक, आपण बसलो की गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर थर्माकोलचं नोहाचं तारू, जिराफाची मान मोडलेली, सेलोटेपनं चिकटवलेली. अकरा माणसं. त्यातला एक माझ्या दुकानात बोअरची मोटर घेऊन यायचा तो निघाला! पंचवीस किलोमीटर येऊन! त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं, त्यानं नुसती मान हलवली आणि शेजारची जागा दाखवली. नंतर दुकानात आला तेव्हा मोटरशिवाय एक अक्षर बोलला नाही. आजपर्यंत नाही.

बोलावं लागत नाही. नाव सांगितलं तरी चालतं, न सांगितलं तरी चालतं. एकेक जण उठतो, मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे, आणि मग स्वतःचं सांगतो. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, मधे बोलायचं नाही, आणि बाई, मुलीचं लग्न, नोकरी, कशावरही कुणी 'अरेरे' करत नाही. मला वाटलेलं उपदेश असेल. उपदेश नाही. मी वीस वर्षं लपवलेली गोष्ट, म्हणजे रिवायंडिंगच्या वार्निशच्या डब्याशेजारी तसल्याच रिकाम्या डब्यात बाटली ठेवायची, ही एका रिटायर्ड शिक्षकांनी स्वतःची म्हणून सांगितली, फक्त त्यांच्याकडं डबा खडूचा होता. मी तेव्हा हसलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन.

मग चहा. स्टीलच्या किटलीतून. सगळ्यांना पूर्ण कप आणि मला अर्धा. राग आला खरंच, म्हटलं नवीन आहे म्हणून अर्धा का, मीही दहा रुपये टाकलेत डब्यात. महिन्याभरानं कळलं. नवीन माणसाचे हात हलतात, पूर्ण कप दिला की बशीत सांडतो, शर्टावर पडतो, आणि त्याला वाटतं सगळे बघतायत, परत येत नाही. म्हणून अर्धा द्यायचा, संपला की परत अर्धा. कुठल्या पुस्तकात नाही हे, चहा करणाऱ्या काकांनी स्वतःच्या पहिल्या दिवसावरून ठरवलंय. साखर खूप असते, तीही मुद्दाम, सोडल्यावर गोडाची तलफ येते. चहाला पाच स्टार.

पैशाचं सांगतो. फी नाही. डबा फिरतो, टाकायचे तर टाका, नाही तर पुढं सरकवा. बाहेरची देणगी घेत नाहीत, हा त्यांचा जुना नियम आहे, सातवी परंपरा म्हणतात. चर्च खोली फुकट द्यायला तयार होतं तरी ग्रुप महिन्याचं थोडं भाडं भरतो आणि पावती घेतो. मला हे लई आवडलं, कुणाचा उपकार नाही, कुणी येऊन फोटो काढत नाही.

आता माझं भांडण. तिसऱ्या-चौथ्या मीटिंगला मी तापलो. चर्चचं कंपाउंड, खोलीत नोहाचं तारू, आणि येशूचं नाव नाही! 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती', 'ज्याला जसा देव समजला तसा देव'. मी म्हटलं हे काय पातळ वरण, देव म्हणजे देव, नाव घ्यायला लाजता काय. माझ्या बाजूला एक माळकरी बसायचे, तुळशीची माळ, बुक्का. आपल्याकडं माळ घातली की दारू-मटण सुटतं असं धरतात, घरचे धरून पंढरपूरला नेतात आणि माळ घालून आणतात. ते म्हणाले, "माऊली, माझी ही चौथी माळ. तीन माळा मीच तोडल्या, कारण माळ गळ्यात ठेवून गुत्त्यात जायची लाज वाटायची. तुमचा येशू तुम्हाला आत्तापर्यंत थांबवू शकला नाही, माझा विठोबा मला. दोष त्या दोघांचा नाही, मंगळवारी संध्याकाळी आपण फोन कुणाला करणार तेवढं सांगा." मला उत्तर आलं नाही.

मग माझ्या पोरीनं, ती नर्सिंगला आहे, मला हे सगळं कुठून आलं ते शोधून दिलं आणि माझी आणखी जिरली. १९३५ साली अमेरिकेत ओहायोमधल्या अॅक्रन गावात एक शेअर बाजारातला बिल आणि एक सर्जन डॉक्टर बॉब, दोघं पक्के दारुडे, भेटले. १० जून १९३५ ला डॉक्टर बॉबनी शेवटची घेतली, तोच एएचा वाढदिवस धरतात. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जायचे. सुरुवातीची मंडळी याकोबाचं पत्र, डोंगरावरचं प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचायची, याकोबाचं पत्र तर इतकं आवडतं की संघटनेला त्याचंच नाव द्यावं असंही चाललं होतं. एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणजे बरे व्हाल, हे याकोबाचंच. मग १९३९ मधे बारा पायऱ्या, म्हणजे दारूतनं बाहेर यायचा एएचा टप्प्याटप्प्याचा मार्ग, छापल्या तेव्हा देव न मानणारे जे दोघं-चौघं होते त्यांनी वाद घातला, आणि त्यातून 'ज्याला जसा समजला तसा' आलं. म्हणजे मी ज्याला पातळ वरण म्हणत होतो ते आमच्याच चुलीवरचं, फक्त जास्त माणसं जेवायला बसली म्हणून वाढवलेलं. भारतात हे १९५७ पासून आहे. शेवटी जी प्रार्थना म्हणतात, जे बदलता येत नाही ते सोसायची शांती दे, जे येतं ते बदलायचं धैर्य दे, ती राइनहोल्ड नीबूर नावाच्या अमेरिकन ख्रिस्ती धर्मपंडिताची. मी ती म्हणताना मनात 'येशूच्या नावात, आमेन' जोडतो. कुणी अडवलेलं नाही. शेजारी माळकरी 'रामकृष्ण हरी' म्हणतात.

तिथं सगळे म्हणतात, 'फक्त आजचा दिवस'. आयुष्यभर सोडायची नाही, आज नाही प्यायची, उद्याचं उद्या. मला हे पोरांना फसवल्यासारखं वाटायचं. एकदा गाडीवर येताना सुचलं की अरे, मी पाळण्यातनं 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणतोय, महिन्याचं राशन दे असं कुठं म्हणतो. बायबलमधे रानात मान्ना (देवानं आकाशातून दिलेलं अन्न) पडायचा तोही रोजचा रोज, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की किडे पडायचे. ऐकलं शंभर वेळा होतं.

दीड महिना बरा गेला आणि मग भाचीचं लग्न आलं. मांडवामागं नवऱ्याकडच्यांचा डिकीतला कार्यक्रम, मला कुणी आग्रहसुद्धा केला नाही, मीच गेलो. दोन दिवस पीत राहिलो. हे लिहिलं नसतं तर चाललं असतं, पण मग रिव्ह्यू कशाला. माझ्या चर्चमधे आधी असं झालं की मी दोन-तीन महिने जायचो नाही, कारण गेल्या रविवारीच पुढं जाऊन साक्ष दिलेली असायची, टाळ्या, हालेलुया, बायका रडलेल्या, आता कुठल्या तोंडानं जाणार. आणि ते तीन महिने मी पीत राहायचो. इथं तिसऱ्या दिवशी गेलो. म्हटलं, "घेतली." चहावाल्या काकांनी विचारलं, "जेवलास का?" बास. एकानं सांगितलं की परत एकपासून मोज. त्या दिवसापासून मोजतोय, चौदा महिने झाले, वरचे दिवस वहीत आहेत. माझ्या मंडळीतली माणसं वाईट नाहीत हो, माझ्या आजारपणात डबे त्यांनीच पोचवलेत, पण आमच्याकडं फक्त जिंकलेल्याला माइक मिळतो. हरून आलेल्यानं कुठं बसायचं ते ठरलेलं नाही.

फोनचं राहिलंच. स्पॉन्सर म्हणून एक जुना माणूस मिळतो, माझा गॅरेजवाला आहे, मी दादा म्हणतो, वयानं लहान असून. माझी वाईट वेळ संध्याकाळी पाच ते सात, दुकान बंद करायची. सुरुवातीला रोज फोन. मी म्हणायचो दादा फार इच्छा होतीये, तो आध्यात्मिक काही बोलायचाच नाही. भूक लागलीये का, कुणावर चिडलायस का, एकटा आहेस का, झोप झालीये का, हे चार प्रश्न, पिंपळाच्या पारावर वैद्य नाडी बघतो तसे. दहातल्या आठ वेळा भूक असायची. वडापाव खायचो आणि इच्छा जायची, इतकं फालतू. मी त्याआधी याच इच्छेसाठी सैतानाला धमकावत बसायचो.

नववी पायरी, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई. आमच्यात जक्कय सगळ्यांना माहिती, तो उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार, ज्यानं लुबाडलेलं चौपट परत देतो म्हणून सांगितलं. संडे स्कूलमधे मी जक्कय झालो होतो, टेबलावर चढून. आता खरं करायची पाळी. कापणीच्या सणाला चर्चमधे शेतमालाचा लिलाव होतो, भोपळे, कोंबड्या, ज्वारी, त्याचा हिशोब दोन वर्षं माझ्याकडं होता. तीन हजार चारशे रुपये मी प्यायलो. कुणाला कळलं नव्हतं, निदान बोललं नव्हतं. पाळक साहेबांकडं गेलो, सांगितलं, पाचशे-पाचशे करून देईन म्हटलं. चौपट नाही जमणार, तेवढा धंदा नाही. साहेब बराच वेळ गप्प बसले, मग आतून पावतीपुस्तक आणलं. सातव्या हप्त्याला चारशेच द्यायचे राहिले होते तरी मी पाचशे दिले, शंभर व्याज. पावतीवर त्यांनी दर वेळी 'गुप्तदान' लिहिलं. खजिनदार आईला विचारत होता म्हणे की हा कोण गुप्तदानवाला दर महिन्याला येतोय.

आणि प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. हे ख्रिस्ती वाचणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढं गेलं तरी चालेल. महिन्याचा पहिला रविवार, आमच्या चर्चमधे वाइनच असते, पाणी घातलेली, एकच प्याला सगळ्यांना. परत सुरुवात केल्यावर दुसऱ्या महिन्यात मी रांगेत गुडघे टेकलेले आणि प्याला डावीकडनं सरकत येतोय. चार माणसांवर असतानाच वास आला. मी वीस वर्षं तो वास कधी ओळखलाच नव्हता, कारण मीच त्या वासाचा होतो. भाकर घेतली, प्याला आला तेव्हा मान हलवली. साहेब थांबले, मागची रांग थांबली, शेजारच्या मावशींनी डोळे उघडून बघितलं, कारण प्याला नाकारणं म्हणजे आमच्यात मोठं पाप लपवलंय असा अर्थ होतो. नंतर साहेब म्हणाले, "अरे तो प्रभूचा प्याला आहे, त्यानं काय होणार आहे, विश्वास ठेव." मी म्हटलं साहेब, माझा विश्वास प्रभूवर आहे, माझ्या जिभेवर नाही, एकदा माझ्याबरोबर चला. एएत ओपन मीटिंग असते, तिला बाहेरचेही बसू शकतात, ते खरंच आले. त्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून तासभर बसले, अर्धा कप चहा प्यायले, त्यांचे हात हलत नव्हते तरी अर्धाच दिला. येताना गाडीवर मागं बसून एक शब्द नाही. पुढच्या महिन्यात काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून केलेला रस आला, सगळ्यांसाठीच, आणि तो आईनंच केला होता. कमिटीत दोघांनी कुरकुर केली की परंपरा मोडली. त्यांना सांगितलं की अमेरिकेतल्या मेथडिस्ट वेल्शनं १८६९ मधेच प्रभुभोजनासाठी न आंबणारा द्राक्षांचा रस काढला होता, म्हणजे हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. ग्रुपमधल्या वसईच्या कॅथलिक मित्राला ही कटकट नाही, त्यांच्यात नुसता ख्रिस्तप्रसाद, म्हणजे भाकर, घेतला तरी सहभागिता पूर्ण धरतात. मी त्याला म्हटलं, या बाबतीत तुमचे पोप बरे.

बायकोचं तिनं लिहायला पाहिजे, पण ती लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तिला महिला मंडळात 'अजून प्रार्थना कर' म्हणून सांगायचे आणि तिला वाटायचं तिचीच प्रार्थना कमी पडतीये. घरच्यांसाठी अल्-अॅनॉन म्हणून वेगळं आहे, १९५१ पासून, बिलच्या बायकोनं सुरू केलेलं. आमच्या जवळपास नाही, ती मोबाईलवर जॉइन होते, कॅमेरा बंद करून, भाजी निवडत. आणि एक, मेहुण्यानं तिला सल्ला दिलेला की दारू सोडवायची गोळी डाळीत कालव, कळणारसुद्धा नाही. हे कुणी करू नका. त्या गोळीवर माणूस प्यायला तर बीपी पडून जीवावर येतं, ती डॉक्टरनं पेशंटला सांगून द्यायची गोष्ट आहे.

खटकलेलं पण सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. बायका नाहीत, सोळा महिन्यांत दोन आल्या आणि टिकल्या नाहीत, पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या काय बोलणार. एक गृहस्थ आहेत ते पंचवीस मिनिटं बोलतात, दर वेळी तीच बस, तोच कंडक्टर, आणि मधे थांबवायचं नाही हा नियम त्यांना फार मानवतो. बाहेर बिडी-सिगारेटचा धूर इतका की खोलीत यायला जाळं फाडावं लागतं. बाथरूमला दिवा नाही. मधे एक उत्साही ख्रिस्ती भाऊ पत्रकं वाटायला लागला होता मीटिंगनंतर, त्याला मीच सांगितलं की इथं नको, आणि मला हे सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, ज्याला झोप, डिप्रेशन, लिव्हर असं काही आहे त्यानं हे दवाखान्याच्या ऐवजी धरू नये, दवाखान्याबरोबर धरावं.

आणि ज्याला घरात राहून जमतच नाही त्यानं भरती व्हावं, त्यात कमीपणा नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासूनचं, सगळ्यांना माहितीये. ख्रिस्ती लोकांतलं म्हणाल तर फादर जो परेरांचं कृपा फाउंडेशन, १९८१ मधे वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधनं सुरू झालं, स्वतः फादर दारूतनं बाहेर आलेले, पुण्याच्या अय्यंगार गुरुजींचे शिष्य, त्यामुळं तिथं बारा पायऱ्यांबरोबर योगासनं. कॅथलिक फादर शीर्षासन करतो हे ऐकून आमचे एक-दोन कडवे बंधू नाराज होतात, त्यांना होऊ द्या. मी स्वतः या दोन्ही ठिकाणी राहिलेलो नाही. सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे, त्यावर जवळचं केंद्र विचारता येतं.

उपयोग होतो का, हा प्रश्न पोरीनं मला न विचारता शोधला. २०२० मधे कॉक्रेन म्हणून जे संशोधन तपासणारे लोक आहेत त्यांनी २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र बघितली, आणि पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांकडं नेणारे उपचार इतर मानसोपचारांच्या बरोबरीचे किंवा थोडे सरस निघाले. सगळ्यांचं होतं असं नाही. आमच्या अकरातले दोघं आता नाहीत, एक परत पितोय, एक वारला. त्याच्या मातीला आम्ही सगळे गेलो, घरच्यांना आम्ही कोण ते माहिती नव्हतं, मोटारीचे मित्र सांगितलं.

स्टार साडेचार, अर्धा बाथरूमच्या दिव्याचा कापला. सध्या किटली माझ्याकडं आहे, काकांचे गुडघे गेले.

जाणाऱ्यांसाठी: कुठल्याही गावात एएचा ग्रुप असेल तर बहुतेक असाच एखाद्या शाळेच्या नाहीतर चर्चच्या मागच्या खोलीत असतो, बोर्ड नसतो, कंपाउंडमधे कुणालाही 'मीटिंग' एवढंच विचारा, वॉचमनला कळतं. आमच्याकडं यायचं झालं तर गाडी घंटेच्या खाली लावू नका, साडेसातला वाजते आणि माणूस दचकतो, आधीच नर्व्हस असतो. गेटात एक तपकिरी कुत्रं आहे, नवीन माणसावर भुंकतं, चावत नाही.